बेंबी सरकली म्हणे

आमच्या घरात एका पोटाचं फार कौतुक झालं. ते पोट माझ्या दादाचं. पाहुणा दारात चपला काढतो न काढतो तोच माय हाक मारायची, "दाखव ना रे बाप्पा, कसं झालं तुझं पोट!" दादा लाजल्यासारखं करून बनियन वर करायचा. मग श्वास सोडायचा, पोट आवळायचा आणि पाहुण्याच्या डोळ्यांसमोर बिस्किटं मांडल्यासारखे चौकोन उभे राहायचे. पाहुणा बोट टेकवून बघायचा आणि "लोखंड आहे गा, लोखंड!" म्हणायचा. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, पण बघायच्या. मी आत चहा करत असायचे. मला तेव्हाही राग यायचा आणि आज हे लिहितानाही येतो आहे.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. बाबा नागपूरच्या कापडाच्या मिलमध्ये होते, माय घरी विड्या वळायची, दादा मॅट्रिक होऊन हिंगण्याच्या एखाद्या कारखान्यात लागायची वाट पाहत होता आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वस्तीतल्या पोरांनी बुद्धविहारामागच्या मोकळ्या जागेत टिनाचं छप्पर टाकून व्यायामशाळा काढली होती. तिथले वस्ताद सव्वीस जानेवारीला शरीर दाखवायची स्पर्धा ठेवायचे. दंड, छाती, मांड्या, सगळ्याला बक्षीस असायचं, पण खरी चढाओढ पोटाची. दंड कोणाचेही फुगतात, पोट काढून दाखवणारा एखादाच निघतो, असं वस्ताद म्हणायचे. ते दादाच्या डोक्यात शिरलं आणि तिथून थेट आमच्या चुलीपर्यंत आलं.

वस्तादांचं शास्त्र मला आजही पाठ आहे, कारण दादा ते जेवताना मोठ्यानं सांगायचा. पोटाचे स्नायू सगळ्यांनाच असतात. त्यांच्यावर चरबीची गोधडी पसरलेली असते म्हणून ते दिसत नाहीत. व्यायामानं स्नायू जाड करायचे आणि खाण्यानं गोधडी पातळ करायची. नुसत्या बैठका मारून पोट दिसत नाही, आणि नुसतं उपाशी राहिलं तर स्नायूच वाळून जातात. म्हणून भात बंद, साखर बंद, तेल नावाला. सकाळी भिजवलेले चणे, दुपारी एक भाकर, त्याच्यासोबत ढीगभर पालेभाजी आणि घट्ट वरण, संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत. आणि अंडी. त्यातही पांढरं तेवढं खायचं. पिवळं खाल्लं की गोधडी वाढते.

खरं सांगायचं तर यातलं बरंचसं बरोबर होतं. पुढे मी याविषयी वाचलं, डॉक्टरांनाही विचारलं, आणि पिवळ्याबद्दलची भीती सोडली तर वस्ताद फारसे चुकले नव्हते. माझं भांडण शास्त्राशी नाही. माझं भांडण वाटपाशी आहे.

अंड्याचं पांढरं दादाला. पिवळं बाबांना, कारण ते रात्रपाळी करून येत. मला काय? "पोरीच्या जातीले अंडं गरम पडते," माय म्हणायची. "पांढरं तर गरम नाही ना?" मी एकदा विचारलं. "पांढरं त्याले लागते वं." झालं, विषय संपला. घट्ट वरण खालून ढवळून दादाच्या ताटात जायचं आणि वरचं पिवळं पाणी माझ्या. दादानं सोडलेला भात तरी माझ्या वाट्याला येईल असं मला वाटलं होतं, तर त्याच्या पालेभाजीचा खर्च वाढला म्हणून घरात भातच कमी शिजायला लागला. बाबा दर रविवारी विहारात समतेवर बोलायचे. चांगलं बोलायचे, लोक ऐकत राहायचे. तिथून येऊन पाटावर बसायचे आणि दोन ताटांतलं अंतर त्यांना दिसायचं नाही. मला ते इतकं लख्ख दिसायचं की घास तोंडात फिरायचा.

बरं, व्यायाम तरी दादा एकटा करत होता का? नाही. पोटाची बैठक म्हणजे पाठीवर उताणं पडायचं, गुडघे मोडायचे, हात मानेमागे धरायचे आणि कमरेतून उठून कपाळ गुडघ्यापर्यंत न्यायचं. पाय उचलले जाऊ नयेत म्हणून पायावर कोणीतरी बसावं लागतं. तो कोणीतरी म्हणजे मी. पहाटे मागच्या अंगणात पोतं अंथरून दादा पडायचा आणि मी त्याच्या पावलांवर बसून शाल गुंडाळून कुडकुडायचे. नागपूरची थंडी कोरडी असते, बसून राहिलं की हाडापर्यंत जाते. एक दिवस मी म्हटलं, मला थंडी वाजते, आता तू बस आणि मी करते. दादा हसला. गंमत म्हणून बसला.

पहिल्या दिवशी माझं पोट दुखून आलं आणि मला हसताही येईना. पण दुसऱ्या दिवशी मी परत केलं, तिसऱ्या दिवशीही केलं. मग रोजचंच झालं. आधी तो, मग मी. वस्ताद सांगायचे की उठताना झटका द्यायचा नाही, मानेनं ओढायचं नाही, श्वास सोडत उठायचं आणि खाली जाताना पडायचं नाही, सावकाश जायचं, कारण खरं काम खाली जाताना होतं. दादा हे सगळं मला शिकवायचा आणि स्वतः घाईघाईनं धपाधप पडायचा. मी सावकाश जायचे. मला घाई नव्हती. उलट सगळ्या दिवसातली तेवढीच वेळ अशी होती की मी जे करत होते ते कोणासाठी नव्हतं. लिंबाच्या आडव्या फांदीला लोंबकळून पाय सरळ वर उचलायचा प्रकारही मी शिकले. हळूहळू दादा थांबला तरी मी चालूच असायचे. मग तो माझ्या पायांवरून उठायचा. "बस झालं आता, लोक उठतीन," म्हणायचा.

आणि मी कबड्डी खेळत होते. ते घरात माहीत होतं, लपवलेलं नव्हतं. कॉलेजच्या मैदानावर खेळाच्या मॅडम आमच्याकडून दम धरायचा सराव घोटून घ्यायच्या. पाणी भरणं, दळण आणणं, मैदान, आणि वर पहाटेच्या बैठका. खाणं म्हणावं तर वरणाचं पाणी आणि भाकर. पालेभाजी आणि चणे उरले तर माझे. वस्ताद ज्या गोधडीबद्दल बोलायचे ती काढायला दादाला चार-पाच महिने लागले. माझ्याकडे काढायला गोधडीच नव्हती. मोरीत अंगावर पाणी घेताना टिनाच्या फटीतून उजेड यायचा, त्यात एक दिवस मला माझं पोट दिसलं. दादाच्या पोटावर होते तेच चौकोन. त्याच्यापेक्षा रेखीव. मी कितीतरी वेळ बघत राहिले. अंगात एक वेगळीच रग आली होती, चढाईला गेले की तीन पोरींना ओढत मधली रेघ गाठायचे, ती रग कुठून येते ते त्या दिवशी मला समजलं.

मी दादाला सांगितलं. मला वाटलं तो खूश होईल, त्यानंच शिकवलं होतं. त्याचा चेहरा पडला. "कोणाले सांगू नको," तो म्हणाला. "काहून?" "काहून म्हणजे? पोट्टे हसतीन मले. म्हणतीन, याच्या बहिणीलेही येते." मी म्हटलं, बरं. मला त्याचं पोट नको होतं, बक्षीसही नको होतं. मला विद्यापीठाच्या संघात जायचं होतं, आणि डिसेंबरच्या निवडीत मी त्यात आलेही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सामने जबलपूरला होते. मॅडम स्वतः घरी येऊन बाबांशी बोलल्या. बाबांनी छाती फुगवून सांगितलं, "जाऊ द्या. आमच्या पोरी मागे राहायच्या नाहीत." मायनं कपाळाला आठी घातली. वस्तीतली एकही मुलगी तोवर खेळायला म्हणून नागपूरच्या बाहेर गेली नव्हती. झोपताना मी मनातल्या मनात जबलपूरच्या मैदानावर चढाया करायचे.

सव्वीस जानेवारी आली. स्पर्धेच्या आधी दोन दिवस दादानं मीठ बंद केलं, आदल्या दिवशी पाणीही जवळपास बंद केलं. कातडीखालचं पाणी गेलं की पोट आणखी कोरलेलं दिसतं, असं वस्तादांचं म्हणणं. हे मात्र साफ चुकीचं आणि धोक्याचं, कोणी करू नये. दादाचे ओठ फुटले, तो चिडचिडा झाला, मायच्या डोळ्याला पाणी लागलं. घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. संध्याकाळी विहारामागच्या मैदानात मंडप, लाउडस्पीकर, पिवळे बल्ब. पोरं अंगाला तेल चोपडून थंडीत काकडत उभी. दादा पुढे आला, श्वास सोडला, आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. पोटाचं बक्षीस त्यालाच मिळालं. बाबांनी त्याला खांद्यावर घेतलं. मीही टाळ्या वाजवल्या. मला खरंच आनंद झाला होता. तो थरथरत होता म्हणून मी धावत जाऊन त्याला गुळाचं पाणी दिलं.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल, कामठीहून मला बघायला पाहुणे यायचं ठरलं. मी जबलपूरला जाण्याआधी नुसतं बघून जातील, पक्कं काही नाही, असं मला सांगितलं होतं. मी फार खळखळ केली नाही. बघू दे, म्हटलं. मला पातळ नेसवायला काकू आली, बाबांच्या चुलतभावाची बायको, तीन घरं सोडून राहायची. परकर बांधून मी उभी होते. निऱ्या खोचायला काकूनं माझ्या पोटाशी हात घातला आणि तो तिथेच राहिला.

"थांब वं. हे काय लागून राहिलं हाताले?"

माय पुढे आली. दारातून ऊन थेट माझ्यावर पडत होतं. "श्वास सोड," माय म्हणाली. मी सोडला. श्वास सोडला की चौकोन वर येतात, हे दादाचं पोट बघून बघून त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माय माझ्या पोटाकडे बघत खाली बसली.

"गाठी आहेत वं," ती म्हणाली. "पोटभर गाठी."

मायची धाकटी बहीण पोटातल्या गाठीनं गेली होती. म्हणून मायची ती भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण मला सांगा, ज्या बाईनं मुलाच्या पोटावरचे हेच चौकोन महिनोन्महिने पाहुण्यांना दाखवले, जिनं त्या चौकोनांसाठी घरातलं अन्न वेगळं काढलं, तिला तेच चौकोन मुलीच्या पोटावर ओळखू येऊ नयेत? त्याच्या पोटावर बिस्किटं आणि माझ्या पोटावर गाठी?

"माय, गाठी नाहीत," मी म्हटलं. "दादासारखंच आहे हे. मी व्यायाम करते ना."

"त्याच्यासारखं कसं राहीन?" काकू म्हणाली. "तो पोट्टा आहे."

"त्यालेच विचारा. आम्ही संगच करतो."

दादा दाराशीच होता. तिघी त्याच्याकडे बघत होतो. त्याच्या गळ्यात बक्षिसाची रिबिन तेवढी आता नव्हती, बाकी अंगात सगळी स्पर्धाच भरलेली होती. तो म्हणाला, "मले काय माहीत, ती काय करते तर," आणि सायकल काढून निघून गेला.

पाहुण्यांना निरोप गेला की मुलीला बरं नाही. दुसऱ्या दिवशी काकू एका म्हाताऱ्या सुइणीला घेऊन आली. त्या बाईनं मला उताणी निजवली, बेंबीत अंगठा रोवला आणि डोळे मिटले. बेंबीची धुकधुकी जागेवर लागत नाही, म्हणाली. "उड्या मारते का पोट्टी?" "कबड्डी खेळते," मायनं सांगितलं. "मंग काय! बेंबी सरकली. वर चढली. असं राहिलं तर पुढं पोर राहत नाही पोटात." मायनं तोंडावर हात घेतला. बेंबी सरकणं म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. जड उचललं, उडी मारली, की ती जागची हलते म्हणे, आणि चोळून, तांब्या लावून जागेवर आणावी लागते.

त्या बाईनं कणकेचा दिवा करून माझ्या पोटावर ठेवला, पेटवला आणि वर पितळेचा तांब्या पालथा घातला. दिवा विझला की तांब्या पोटाला घट्ट चिकटतो आणि आतली बेंबी ओढून घेतो, असा हा प्रकार. माझ्या पोटाला तो चिकटेचना. सगळा उंचसखल भाग, काठातून हवा जायची आणि तांब्या घरंगळून पडायचा. तिनं तीनदा लावला, तीनदा पडला. कोणी शुद्धीवर असतं तर हसलं असतं. त्या बाईनं मान हलवली आणि म्हणाली, "लय वर गेली. तांब्याही धरत नाही." मग तिनं कोमट तेल घेऊन इतकं रगडलं की मी ओठ चावला.

हुकूम असा झाला की उडी नाही, पळणं नाही, मैदान तर नाहीच, नुसतं पडून राहायचं. सकाळचं पाणी भरून झाल्यावर. होय, पाणी भरणं चालूच होतं. डोक्यावर पाण्यानं भरलेला पितळी गुंड घेऊन नळापासून घरापर्यंत येताना बेंबी सरकत नव्हती, मैदानावरच सरकत होती. मी हे मायला बोलून दाखवलं तर म्हणाली, "तोंड नको चालवू वं, आजारी माणसानं."

जबलपूरला निघायला थोडेच दिवस राहिले होते. पहाटे दादा मागच्या अंगणात जायचा, बक्षीस मिळालं तरी त्यानं सोडलं नव्हतं. एकदा मी उठून त्याच्यामागे गेले. म्हटलं, "दादा, एकदा सांगून दे ना मायले. एवढंच सांग का माझ्या पायावर तू बसत होता. मले जबलपूरले जायचं आहे." "सांगतलं तर बाबा मलेच बोलतीन," तो म्हणाला. "जाऊ दे ना, पुढल्या साली जाजो." पुढल्या साली मी कुठे असणार हे त्यालाही माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी सुईण परत आली. काकू होती, माय होती. मला निजायला सांगितलं. मी पोत्यावर निजले आणि मायला म्हटलं, "माझे पाय धर."

"काहून?"

"धर तर."

मायनं काय समजून धरले कोण जाणे, कळ येते असं वाटलं असेल. मी हात मानेमागे घेतले आणि उठले. सावकाश खाली गेले, परत उठले. माय "अवं, अवं" करत होती पण पाय सोडत नव्हती. मी थांबले नाही. पोलकं वर सरकवून परकर बेंबीखाली ओढला होता, त्यांना नीट दिसावं म्हणून. उठताना चौकोन वर यायचे, खाली जाताना एकेक करून पसरायचे. आवळलं की टणक, सोडलं की मऊ. गाठ अशी येत-जात नाही, हे आंधळ्यालाही कळावं. दम लागेपर्यंत केलं. मग उठून बसले आणि मायचा हात धरून पोटावर ठेवला. "सैल सोडलं. लागते का गाठ?" नव्हती लागत. "आता आवळलं. हे दादाचं आहे तेच आहे. मी कमावलं आहे माय हे. मले काहीच नाही झालं."

मला वाटलं होतं, आता माय रडेल, मला कुशीत घेईल. गाठ नाही, मुलगी जगणार आहे, याचा तिला आनंद होईल. घामानं माझे डोळे चुरचुरत होते आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

सुईणच आधी बोलली. "मंग हे तर आजारापेक्षा वाईट आहे बाई," ती तेलाची वाटी उचलत म्हणाली. "आजार राहिला असता तर उतरला असता."

काकूनं मायला हळूच विचारलं, "कामठीवाल्यायले कोणी सांगतलं तर?" आणि मायनं माझ्या पोटावरून हात काढून घेतला. मी अंगावर काही सांडून घेतल्यासारखं तिनं घाईघाईनं माझं पोलकं खाली ओढलं.

संध्याकाळी बाबांपर्यंत गोष्ट गेली. बाबा शहाणे आहेत, विहारात एवढं बोलतात, ते तरी म्हणतील की पोरीनं कमावलं, त्यात वाईट काय. ते खाटेवर बसले. मी दारामागे उभी होते. त्यांनी दादाला बोलावलं आणि विचारलं, "हे करत होती, तुले माहीत होतं?" आणि दादानं, ज्याच्या पायांवर मी सगळा हिवाळा बसले होते त्यानं, खाली मान घालून सांगितलं, "मी तिले नाही म्हणत होतो बाबा. ती आयकत नव्हती."

बाबांनी हातानंच त्याला जायला खुणावलं. मग मायला म्हणाले, "दुखणं राहिलं असतं तर मेडिकलच्या दवाखान्यात नेलं असतं. याले कुठं नेऊ?" दुसऱ्या दिवशी ते कॉलेजात जाऊन मॅडमना सांगून आले की पोरगी आजारी आहे, पोटाचं दुखणं आहे, जबलपूरला येऊ शकत नाही. आयुष्यात खोटं न बोलणारा माणूस. माझ्या पोटासाठी बोलला.

संघ गेला त्या सकाळी मी घरीच होते. मग सुरू झालं माझं खाणं. जे पोट काढायला दादाला चार-पाच महिने लागले ते झाकायला मायला एक महिना पुरला. सकाळी तुपातला शिरा, दुपारी भात, वर साखर घातलेलं दूध, दुपारी झोप. इतकी वर्षं घरात नसलेलं तूप कुठून आलं ते मी विचारलं नाही. मी खाल्लं. भूक होतीच, ती काय आजची होती? खाताना मला स्वतःची चीड यायची आणि तरी मी ताट पुसून खायचे. बैठका बंद, मैदान बंद. चौकोन एकेक करून बुजत गेले, आधी खालचे, मग वरचे. दादा मात्र पाहुणे आले की बनियन वर करतच होता.

मार्चमध्ये, ऊन तापायला लागलं तेव्हा, आमच्या संघाची कप्तान मला बघायला आली. मोठ्या मनाची पोरगी होती. पिशवीत संत्री घेऊन आली होती, आजारी माणसाला न्यावीत तशी. जबलपूरला त्या दुसऱ्याच सामन्यात हरल्या होत्या. माझ्या जागी जी खेळली तिचा दम पुरला नाही, म्हणाली. मग माझा हात हातात घेऊन तिनं विचारलं, "आता कसं आहे वं पोट? दुखते का अजून?"

माय शेजारीच बसली होती. "आता बरी आहे," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर इतकं समाधान होतं. "अंग धरलं पाह्य कसं."

"मी आजारी नव्हतीच," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, आवाज फाटला माझा. "माझं पोट कधीच दुखलं नाही. मी तुमच्या सगळ्यांपेक्षा ताकदीची होती, म्हणून मले येऊ नाही देल्लं."

कप्तान माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मायकडे बघितलं. मायनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि हळू आवाजात तिला म्हणाली, "अशक्तपणा आहे ना अजून. काहीबाही बोलते."

"हो, हो," कप्तान म्हणाली, आणि एक संत्रं सोलून त्याच्या फोडी माझ्या हातावर ठेवायला लागली.